भांडंभर माय

जुलैत इथे नळाला थेट आधणच येतं.
म्हणून गीझर बंद ठेवायचा,
त्यात साठलेलं पाणी त्यातल्या त्यात गार,
हे उम्म यूसुफनं शिकवलं मला, नुसत्या हातवाऱ्यांनी,
मुहर्रकमधल्या माझ्या पहिल्या उन्हाळ्यात.

रुंजीला टबात बसवते. ती उठते.
उठवते तर बसते.
झबल्याच्या बाहीत हात सापडत नाही,
सापडला तर त्यात साबणाची वडी, चावलेली.
सहाचं विमान गच्चीवरून इतकं खाली येतं
की टाकीचं झाकण थडथडतं.
ती बोट वर करते, "गेलं!"
येणारं असो नाहीतर जाणारं,
दीड वर्षाच्या माणसाला सगळं गेलेलंच.

बाप हिद्दच्या गोदीतून येतो, रात्रपाळी करून,
नखांत जहाजाच्या बुडाचा लाल रंग.
त्यानं बूट काढायचा अवकाश,
ही दोन्ही पाय एकाच बुटात घालून उभी,
उंबऱ्यावर, नाकाबंदी केल्यासारखी.
तो डबा हातात धरून उभ्याउभ्या पेंगतो.
मी दोघांना ओलांडून
कुकरची शिट्टी मोजायला जाते. चुकते.

बारा जणांचे डबे असतात माझे.
अकरा ते दोन रुंजी खालच्या मजल्यावर.
बाहेर घसरगुंडीचा पत्रा तव्यासारखा,
तेव्हा जिना हीच बाग, बावीस पायऱ्यांची.
ती उलटी उतरते, पोटावर,
आणि अकराव्या पायरीवर उम्म यूसुफचं दार.
तिथे खजूर, पंखा, एक म्हातारी मांजर.

एका मंगळवारी पोळी लाटताना मागून पदर ओढला.
"माय."

आमच्या जिंतूरला आईला माय म्हणतात.
मी म्हणायचे. सासरी गेल्यावर ते जिभेवरून उतरलं.
हिला मीच शिकवलं होतं "मम्मा", सोपं म्हणून.
आणि हिनं कुणी न सांगता
ते कुठून काढलं शोधून?
मी पीठभरल्या हातांनी फोन लावला.
"माय, पोरगी मला माय म्हणली!"
पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.
मग नाक ओढल्याचा आवाज.
"रगत इसरत नस्तं, बाई."
त्या दिवशी पाच पोळ्या करपल्या.
कुणी तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी जिन्यात पुन्हा, "माय!"
मी हात पसरले.
ती माझ्या बगलेखालून निसटून
थेट उम्म यूसुफच्या कूलरपाशी.
"माय, माय," म्हातारी हसली
आणि स्टीलचं भांडं काठोकाठ भरून दिलं.

पाण्याला म्हणतात इथे.

मी अकराव्या पायरीवर बसले.
हसू आलं. मग ते मध्येच थांबलं.
अकरा ते दोन, अकरा ते दोन,
किती दुपारी तहान लागली असेल तिला
मी दुसऱ्यांच्या भाज्या परतत असताना.
मांजर येऊन माझ्या पायावर बसली.

जिंतूरला अजून सांगितलेलं नाही.
तिथे आता अख्ख्या गल्लीला ठाऊक झालंय.
आणि सांगितलं तरी काय,
ज्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो,
तिथे माय म्हणेल,
पाण्याला माय? मग बरोबरच आहे की त्यांचं.

रात्री दोनला अंधारातून हाक येते.
कोणती, ते मी विचारत नाही.
एका हातात भांडं घेते, दुसरा मोकळा ठेवते.
ती दोन घोट पिते,
उरलेलं माझ्या गाऊनवर ओतते,
आणि माझी बट मुठीत गच्च धरून
झोपून जाते, तोंड उघडं टाकून.

आता हलता येत नाही.
गाऊन ओला, एसीचा वारा नेमका त्यावर.
रिकामं भांडं ठेवायला हात पोचेल असं काही नाही.
सहाच्या विमानाला अजून चार तास.